मामंजींची ताल

आमच्या घरात माणसं तीन होती, आणि त्यातल्या बोलता येणाऱ्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नव्हतं. तिसरी बनू. तिला अजून बोलता येत नव्हतं, म्हणून घरातलं सगळं बोलणं तिच्याशीच चालायचं.

"बनुबाई," मामंजी ओसरीवरून म्हणायचे, "तुझ्या आईला इचार, च्या हाय का न्हाई आज?"

मी आत स्टोव्हपाशी बसून, पदर नाकापर्यंत ओढून सांगायची, "बनू, आजोबांस्नी सांग, दूध नासलंय. काळा चालंल का?"

"चालंल म्हणावं. पलटणीत काय तंबूला गाय बांधलेली नव्हती."

बनू अंगठा चोखत एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भरल्या घरात ती कुणाला जाणवत नाही. सासू असते, नणंदा असतात, निरोप कुणाच्या तरी तोंडून पोचतो. आमच्या घरात मधे कुणीच नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यांचंच नाव पोरीला ठेवलं होतं, म्हणून मामंजी 'बनुबाई' अशी हाक मारायचे तेव्हा आवाज जरासा खाली यायचा. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आमचे हे, म्हणजे मानसिंग, पलटणीत होते. मामंजींचं नाव हंबीरराव. तेही पलटणीतच हवालदार होऊन परतलेले. गाव माणात, म्हसवडच्या बाजूला. ह्यांनी सांगलीत ही जागा घेतली, दोन खोल्या आणि ओसरी बांधली, परसात आड खणला, बनू पोटात असताना मला आणून ठेवलं आणि गेले. जागा स्वस्तात कशी मिळाली ते पहिल्या पावसात कळलं. घरामागं ओत होता. वरच्या गल्ल्यांचं पावसाचं पाणी ज्या खोलगट पट्टीतून वाहत नदीला मिळतं तिला सांगलीत ओत म्हणतात. कृष्णा चढली की तेच पाणी उलटं फिरून ओतातून वर येतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी भिलवडीची. आमच्याकडं नदी पावसाळ्यात मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या रानात, येऊन बसते, पाहुण्यासारखी. चार दिवस राहते आणि गाळ ठेवून जाते. आई तिची ओटी भरायची आणि म्हणायची, "आलीस तशी जा, बाई." मळीत कुणी घर बांधत नाही. तिथं तिचीच जागा.

मामंजी आले ते बहात्तरच्या दुष्काळात. गावची विहीर तळाला गेली, बैल गेले, शेजारपाजार खडी फोडायला गेला. हे रजेवर आले, त्यांना घेऊन आले, ओसरीवर बाज टाकून दिली आणि रजा संपल्यावर निघून गेले. मामंजी त्या बाजेवर असे बसायचे की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा एस्टीची वाट बघतोय.

खरं सांगायचं तर मला ते आल्याचं बरं वाटलं होतं. त्याआधी दुपारी दार लावलं की घरात माझाच आवाज. बनूशी बोलून बोलून माझंच बोलणं मला लहान मुलासारखं ऐकू यायला लागलं होतं. आता ओसरीवर खोकल्याचा आवाज होता. जेवताना ताटाचा आवाज होता. उलटं का होईना, उत्तर होतं.

त्या उन्हाळ्यात आमचा आडही आटला. कोपऱ्यावर नगरपालिकेचा नळ होता. तो कधी यायचा, कधी नुसताच फुसफुसायचा. तिथं शेजारच्या चंद्राबाईचं राज्य. तिचा नवरा बिराप्पा हळदीच्या पेठेत हमाली करायचा. घरी यायचा तो नखशिखांत पिवळा. आमच्या घराच्या वरच्या अंगाला, ओताच्या काठाला लागूनच त्यांचं घर. मी घागर घेऊन गेले की चंद्राबाई म्हणायची, "आला बघा, माणातला दुष्काळ आला सांगलीला. तुमच्या मामांनीच आणला गं संगं, वळकटीत बांधून."

बायका हसायच्या. मीही हसायची. हसले नाही तर कुणी बोलणार नाही, ही भीती.

मग पुढचा पाऊस आला, भरपूर आला. आषाढात ओत दोन्ही काठ धरून वाहायला लागला. मामंजी परसदारी उभे राहून ते पाणी बघायचे. जेवायला हाक मारली तरी हलायचे नाहीत.

"बनुबाई," एकदा त्यांच्यानं राहवलं नाही, "तुझ्या आईला इचार, हे पाणी जातंय कुठं?"

"नदीला जातंय म्हणावं."

"आन मग?"

"मग काय? नदी घेऊन जाती."

ते दोन पावलं पाण्याकडं गेले. मग म्हणाले, "एवढं पाणी आन सोडून देत्यात. आन उन्हाळ्यात नळावर बोंबलत्यात. येडीच हायती लोकं."

माणात पाऊस एखाद्या वर्षी एखाद्याच दिवशी येतो. तेवढ्यात तो धरायचा. म्हणून तिथं शेताशेताला ताली: उतारावर आडवे मातीचे बांध, पाणी अडवून जमिनीत मुरवायला. ताल घालता येत नाही त्याला तिकडं मुलगी देत नाहीत, असं मामंजी बनूला सांगायचे. ह्यांना येत नसावी बहुधा. म्हणून नदीकाठची केली.

पाऊस जरा उघडल्यावर, भाद्रपदात, त्यांनी कुदळ घेतली. आमच्या परसामागं ओत अगदी अरुंद होतो. तिथं त्यांनी माती टाकायला सुरुवात केली. थर टाकायचा, पाणी शिंपायचं, मग त्यावर टाचेनं दाबत चालायचं, या काठावरून त्या काठावर, परेड केल्यासारखं. वाळलं की दुसरा थर. वर हराळीचे जिते गड्डे लावायचे, म्हणजे मुळ्या माती धरतात. काठाला निर्गुडीच्या काड्या खोचायच्या. माणूस बाजेवरचा उठला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांची पाठ ताठ दिसली. भाकरी एक जास्त लागायला लागली.

चंद्राबाई काठावर उभी राहून म्हणायची, "काय वो मामा, धरण बांधताय व्हय? उद्घाटनाला मंत्री कोण?"

"मंत्री कशाला? आमच्या बनुबाई नारळ फोडतील."

"आन मासं सोडणार काय?"

"सोडणार की. पैला तुलाच देतो, काट्यासकट."

परतीचा पाऊस, हस्ताचा, त्या तालीमागं थांबला. ओतात पाणी उभं राहिलं. पौषापर्यंत ते होतं. मग मुरत मुरत गेलं. काठानं लव्हाळा आला. बगळे यायला लागले. मी बनूला दाखवायची आणि ती बगळ्यांना हात हलवून 'ये ये' करायची.

आणि चैत्रात आमच्या आडाला पाणी होतं.

गल्लीतल्या बायका आधी लाजत आल्या, मग हक्कानं आल्या. परसात घागरी, दोर, बांगड्या, भांडणं. कुणाची सून पळाली, कुणाच्या पोराला कांजिण्या आल्या, सगळं आमच्या आडावर. कुणी बनूला उचलून घ्यायचं, कुणी माझ्या केसांत अबोली खोवायचं. चंद्राबाई मामंजींना आता 'मामा, मामा' करायची, आणि मामंजी ओसरीवरून ओरडायचे, "सावकाश गं बायांनो, दोर तुटंल!" त्या उन्हाळ्यात मी दुपारी दार लावून घेतलं नाही.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात जे दिसत होतं ते मी बरेच दिवस बघितलं नाही.

ताल चांगली उंच झाली होती. दर मृगाच्या आधी तिला थर द्यायचा असतो म्हणून मामंजींनी ती आणखी चढवली होती. पाऊस लागला आणि आषाढ अर्धा जायच्या आतच ओत काठोकाठ भरला. मामंजी खूश. मला मात्र भाकरी थापताना कुठंतरी खुपायला लागलं. नदी अजून यायची होती. आणि तिची जागा आम्ही आधीच भरून ठेवली होती.

वरच्या गल्ल्यांचं पाणी रोज येतच होतं. ते ओतात मावेना. चंद्राबाईच्या मागच्या दारापाशी थांबायला लागलं.

मी बनूकडून सांगून बघितलं. "बनू, आजोबांस्नी सांग, ताल जरा उघडाय पायजे. नदी येईल."

"बनुबाई, तुझ्या आईला सांग, ताल फुटत न्हाई. हंबीररावाची ताल हाय."

"फुटायचं म्हणत न्हाई मी, बनू. पाणी मागं चढंल."

"चढलं तर मुरंल. पाणी मुरतंच म्हणावं. जमिनीला तान असती."

"हितल्या जमिनीची तान भागलीय, बनू. ती आता एक घोट पीत न्हाई."

बनूला वाटलं हा खेळ आहे. तिनं टाळ्या वाजवल्या. मामंजी हसले, आणि तिला खांद्यावर घेऊन तालीवर फिरायला गेले. मी दारात उभी. ज्याला रागवायचं तो माणूस माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन बगळे दाखवत होता.

मग मी चंद्राबाईकडे गेले. म्हटलं, निदान तिच्या दारात पाणी आहे, तिला पटेल. बिराप्पा घरीच होता. पावसानं पेठ बंद होती.

"ताल फोडायची?" चंद्राबाई म्हणाली. "डोस्कं फिरलंय काय तुझं? चैतात पुना नळावर जाऊ व्हय मी?"

"अगं, पण दारात पाणी आलंय तुझ्या."

"येतंय दर साली. पायरीला लागतं आन जातं."

"दर साली ओत रिकामा असतो, चंद्राबाई. औंदा भरल्याला हाय. नदी आली तर जाईल कुठं ती? भरल्या घागरीत आणखी वतलं तर काय हुतंय?"

बिराप्पा तंबाखू मळत होता. तो शांतपणे म्हणाला, "वैनी, म्हाताऱ्यानं उन्हाळ्यात पाणी पाजलंय आमाला. त्येच्या तालीला कुणी हात लावला तर मी बघून घीन. मग ती सून असू द्या न्हाईतर कोण."

चंद्राबाई मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "सासऱ्याचं नाव झालंय ते बघवंना व्हय गं तुला?"

घरी आले. बनूला पाजायला घेतलं. तिच्या कानावरची लव बघत बसले. वाटलं, खरंच का बघवत नाही मला? उलट मला तर ती ताल हवी होती. ताल होती म्हणून म्हातारा ताठ चालत होता, बायका आडावर येत होत्या, घर बोलत होतं. ताल गेली की मामंजी परत बाजेवर, नाहीतर गावाला. आणि मी परत त्या दुपारीत. हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि नदी येणार हेही कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर बातमी आली की आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी झालीय, वर कोयनेकडं पाऊस धरून बसलाय. बनूला जेवू घालून मी झोळीत टाकलं, झोके दिले, ती झोपली. मामंजी ओसरीवर घोंगडं पांघरून बसले होते. मी परसदारानं बाहेर पडले आणि तालीच्या पलीकडे, नदीच्या बाजूला गेले. तिथला ओत अजून खाली होता, घोट्याएवढ्या पाण्याचा. ते पाणी वाहत नव्हतं. गप्प उभं होतं, आणि त्याचा रंग बदलला होता. वरून येतं ते काळपट, हे तांबडं. मी उसाच्या पाचटाची एक काडी बघत राहिले. आधी ती हललीच नाही. मग हळूहळू सरकायला लागली. नदीकडं नाही. आमच्याकडं.

मी धावत परसात आले, कुदळ घेतली आणि तालीवर चढले. मधोमध उभी राहून घाव घातला. हराळीच्या मुळ्या इतक्या घट्ट की कुदळ उसळून परत आली. दुसरा घातला. तिसरा.

"कोण हाय रं तिकडं?"

मामंजी परसदारी उभे होते. मला बघितलं आणि पावसात तसेच तालीपाशी आले. चेहरा असा की मला वाटलं, आता कुदळ हिसकावून घेतील.

"बनुबाई, तुझ्या आईला सांग—" ते बोलायला लागले आणि थांबले. बनू आत झोपली होती. मधे कुणीच नव्हतं.

माझा पदर भिजून तोंडाला चिकटला होता, श्वास घेता येत नव्हता. मी तो मागं सारला.

"मामंजी," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. माझाच आवाज मला परका वाटला. "ती काडी बघा. तालीखालची. उलटी चाललीय. नदी आली."

त्यांनी काडीकडं बघितलं. पाऊस घोंगड्यावरून निथळत होता.

"यिना का," ते म्हणाले. "ताल हाय की मदी."

"नदीला तालीनं काय हुतंय? आन आडवली तरी वरचं पाणी कुठं जाईल? चंद्राबाईच्या उंबऱ्याला वीतभर ऱ्हायलंय. आता सोडलं तर नदी यायच्या आत निम्मा ओत रिता हुईल. तिला बसाय जागा हुईल."

"अगं, वर्साचं पाणी हाय ते! चैतात काय प्यायचं?"

हा 'अगं' मला होता. सरळ मला. इतक्या दिवसांत मी त्याचीच वाट बघत होते, आणि आला तो असा.

"तुमच्याकडं पाणी येतं आन पळून जातं, मामंजी. त्येला धरावंच लागतं. आमच्याकडं ते राहायलाच येतं. त्येला जागा न्हाई दिली तर ते घरात शिरतं."

"आन ही ताल फोडली," ते म्हणाले, "तर मी हितं काय करू, पोरी? त्या बाजंवर बसून मरायची वाट बघू?"

याचं उत्तर असायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की तुम्ही ताल घातलीत म्हणून नाही, तुम्ही आहात म्हणून मला घर घरासारखं वाटतं; तुमचा खोकला ऐकला की मी निर्धास्त झोपते. यातला एक शब्दही मला सासऱ्यासमोर उच्चारता आला नाही. जीभ तेवढी सुटलीच नव्हती.

"ते मला ठाव न्हाई," मी म्हटलं. "पण आज सोडाय पायजे."

ते तालीवर चढले. मग हात पुढं केला.

"आण हिकडं. अशी मदी मारायची नसती. मदी फोडलीस तर समदी वाहून जाईल, आन जाताना तुलाबी नील. कडंला, जिथं हराळी दाट हाय, तिथनं उघडायची. तिथली माती हलत न्हाई."

त्यांनी काठाशी जाऊन तोंड पाडलं. एकेक वीत. पाणी आधी चुळकाभर आलं, मग मनगटाएवढं, मग धो धो. ते कडेला उभे राहून हराळीवर पाय देऊन बघत होते, माती टिकतेय ना. आवाज ऐकून चंद्राबाई काठावर आली आणि कपाळावर हात मारून ओरडायला लागली. बिराप्पाही आला. मामंजींच्याच हातात कुदळ बघून तो तसाच उभा राहिला.

"मामा, तुमी?"

"मीच. जा घरात. भिजू नका."

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ओत अर्ध्याहून रिकामा झाला. नंतर नदी आली. ती पाडलेल्या तोंडातून, हराळीवरून, आवाज न करता वर आली आणि ओतात पसरली. पसरत पसरत चंद्राबाईच्या पायरीपर्यंत गेली, खालच्या पायरीला लागली आणि थांबली. दोन दिवस बसली. मग जशी आली तशी गेली, लव्हाळ्यावर गाळ ठेवून.

पाणी घरात शिरलं नाही, म्हणून ते शिरणार होतं हे कुणालाच पटलं नाही.

"बघा," चंद्राबाई कोपऱ्यावर म्हणाली, मी घागर घेऊन उभी असताना, "उंबऱ्यापातूर सुदिक आलं न्हाई. उगं पाणी घालवलं. सुनेच्या नादाला लागून म्हाताऱ्यानं सोत्ताची ताल फोडली."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मीही हसले असते.

आमच्या आडावर बायका येणं आपोआप थांबलं. पावसाळ्यात कुणाला आड लागतोय, असं मी स्वतःला सांगितलं. मामंजी बाजेवर बसायला लागले. आता मी त्यांच्याशी बोलू शकत होते. "मामंजी, च्या ठेवलाय." "मामंजी, ऊन पडलंय, जरा बाहेर बसा." ते "हं" म्हणायचे. तोंड उघडलं होतं खरं, पण बनूशी बोलताना जी गंमत होती, टोमणे होते, ते सगळं त्या तोंडातून वाहून गेलं होतं. बनू मधेच दोघांकडं बघायची, आपला खेळ का थांबला म्हणून.

गौरी गेल्या आणि त्यांनी वळकटी बांधली. माणात औंदा पाऊस झाला होता. गावच्या ताली दोन वर्षं कुणी बघितल्या नव्हत्या, सगळ्या खचल्या असतील, म्हणाले. विट्यावरून जाणारी गाडी सकाळची होती. मी दशम्या बांधून दिल्या. बनूचा मुका घेताना त्यांच्या मिशा तिला टोचल्या आणि ती रडली.

उंबऱ्यात ते थांबले. मागं ओताकडं बघितलं.

"हस्ताच्या आधी ते तोंड बुजव," ते म्हणाले. "पूर सरल्यावरचं पाणी आडवाय हरकत न्हाई तुझ्या नदीची?"

"न्हाई," मी म्हटलं. "हस्तात ती येत न्हाई. आन आखाडाच्या आधी मी परत उघडीन."

"जिती हराळी घाल. नुसती माती टिकायची न्हाई."

"किती उंच घालू?"

त्यांनी वळकटी काखेला मारली. "तुझं तू बघ," ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत. एखादं काम दुसऱ्याच्या हाती देताना म्हणतात तसं म्हणाले. मग पायऱ्या उतरले.

"परत कवा येणार, मामंजी?"

"बघू," ते म्हणाले.

भाद्रपदाच्या शेवटी ऊन पडलं तेव्हा मी बनूला तालीवर गोणपाट टाकून बसवलं आणि कामाला लागले. पलीकडच्या काठावरून हराळीचे गड्डे काढले, मातीत पाणी घातलं, टाचेनं दाबलं. त्यांच्यासारखी परेड मला जमली नाही. माझे पाय सारखे रुतायचे आणि बनू खदखदून हसायची. चंद्राबाई तिच्या मागच्या दारात आली.

"एकटीच लागलीस व्हय?"

"व्हय."

"फोडाय तूच, बुजवाय तूच. भले!" ती आत गेली. थोड्या वेळानं परत आली आणि काठावरून एक लोखंडी घमेलं माझ्याकडं ढकललं. "हातानं किती वाहशील माती? सांच्याला परत दे. धुऊन."

"पाठवते."

"पाठवू नको. आणून दे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तोंड भरत आलं तसा प्रश्न पडला, किती? मामंजी असते तर त्यांनी बाकीच्या तालीइतकं वर नेलं असतं, एक थेंब पलीकडं जाऊ दिला नसता. आई असती तर म्हणाली असती, कशाला अडवतेस, जाऊ दे की. मी दोन्हींकडं बघितलं, मागच्या रिकाम्या ओताकडं आणि पुढं नदीकडं जाणाऱ्या वाटेकडं. मग गुडघ्याच्या जरा वर येईल एवढ्यावर थांबले. वरून हराळी घातली, दाबली, आणि त्यापुढं जादाचं पाणी गवतावरून घसरून जाईल असा उतार दिला. कुणी "बरोबर" म्हणायला नव्हतं. कुणी "चुकलं" म्हणायलाही नव्हतं.

हस्त लागला आणि चार दिवस पाऊस पडला. ओतात पाणी उभं राहिलं, मी ठरवलं होतं तिथपर्यंत आलं, आणि मग हराळीवरून पातळ पदरासारखं पलीकडं सरकायला लागलं. माती हलली नाही. दुपारी पाऊस थांबल्यावर मी बनूला कडेवर घेऊन आडापाशी गेले आणि वाकून बघितलं. पाणी वर आलं होतं. कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं. पण ओसरीवर कुणी नव्हतं, ह्यांची पलटण कुठं होती ते मला नीट ठाऊक नव्हतं, आणि चंद्राबाईचं दार बंद होतं. मी तशीच उभी राहिले. पोरीच्या अंगाला माझ्या अंगाची ऊब होती, आणि खाली, काळोखात, पाणी मुरत होतं.